मदत हवी आहे: सिडनीतल्या मराठी भटक्यांचा बुशवॉकिंग क्लब, वर्षाचा कार्यक्रम आणि ‘नाही’ म्हणायची सोय

निलगिरी

नमस्कार मंडळी,

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबं महिन्यातल्या एका रविवारी जंगलात चालायला जातो. सुरुवात मंडळाच्या कोजागिरीला दूध आटवता आटवता झाली. पुढे व्हॉट्सॲप गट निघाला आणि आता तो इतका फुगलाय की ‘येतो’ म्हणणाऱ्यांच्या दुप्पट माणसं स्टेशनवर उतरतात. परवा मंडळाच्या बैठकीत ठरलं की याचा रीतसर क्लब करायचा. मी इथल्या एका जुन्या बुशवॉकिंग क्लबची सभासद असल्यामुळे ‘तुलाच माहितीये सगळं, तूच कर’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय.

इथल्या क्लबांची पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. दर तीन महिन्यांचा कार्यक्रम आधी छापून येतो. प्रत्येक वॉकपुढे अंतर, चढ, श्रेणी (सोपी, मध्यम, कठीण), लीडर कोण आणि जास्तीत जास्त किती माणसं ते दिलेलं असतं. जायचं असेल तर लीडरला फोन करायचा. तो गोड आवाजात तुमची परीक्षाच घेतो: याआधी काय केलंय, गुडघे कसे आहेत, बूट कोणते? नव्या माणसाला आधी उमेदवारी करावी लागते. ठरलेले वॉक पुरे केले, नकाशा आणि होकायंत्र जमलं की मग पूर्ण सभासदत्व.

त्या जुन्या क्लबातले एक लीडर सत्तरी पार केलेले आजोबा आहेत. हीथकोट स्टेशनवर ते प्रत्येकाची सॅक एका हाताने उचलून बघतात. वजनावरूनच त्यांना कळतं कुणी पाणी कमी आणलंय. एकदा एक तरुण अर्ध्या लिटरची बाटली घेऊन आला होता, दिवस तापणार होता. आजोबांनी त्याला परतीच्या गाडीची वेळ सांगितली. बस, एवढंच. तो ‘नो वरीज’ म्हणून परत गेला आणि पुढच्या महिन्यात तीन लिटर घेऊन हजर.

आता हेच आपल्याकडे करून बघा. ‘असू दे हो, माझ्याकडे आहे ना पाणी, चला!’ भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, स्ट्रोलरमधलं बाळ, चपला घालून आलेला भाचा, ब्लूटूथ स्पीकर, सगळ्यांना आपण सामावून घेतो. आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडतं. क्लबात जेवणाच्या वेळी जो तो आपापल्या खडकावर बसून आपापलं सँडविच खातो. आमच्याकडे दडपे पोहे, धपाटी आणि लसणीची चटणी सगळ्या वर्तुळातून फिरते. हे मला घालवायचं नाहीये. पण रॉयल नॅशनल पार्कमध्ये गट पुढे-मागे अर्धा तास पसरला की माझ्या पोटात गोळा येतो.

मदत दोन बाबतींत हवी आहे.

पहिली, वर्षाची आखणी. आपले सण आणि इथले ऋतू यांचा मेळ बसवताना नाकी नऊ येतात. माझा कच्चा आराखडा असा:

गुढीपाडव्यापासून वर्ष सुरू करावं. तेव्हा इथे शरद असतो, चालायला याहून चांगले दिवस नाहीत. हीथकोटवरून कार्लू पूल, उलूला फॉल्स करत वॉटरफॉल स्टेशन, साधारण दहा-अकरा किलोमीटर. दोन्ही टोकांना रेल्वे, गाड्यांची भानगड नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि जूनमध्ये तर पाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी लवकर निघून तीनच्या आत बाहेर. जुलैत एखादा दिवस नकाशावाचन आणि प्रथमोपचार. ऑगस्ट-सप्टेंबरात रानफुलं: वॉटल, बोरोनिया, मग वाराटा. कोवानजवळचं म्यूओगामारा अभयारण्य वर्षातले मोजके वसंती आठवडेच उघडतं, ते मला कुठल्याही परिस्थितीत घ्यायचंय. पण नेमके तेव्हाच गणपती! सगळे ढोल-ताशाच्या तालमीत नाहीतर मोदकांच्या ऑर्डरीत.

ऑक्टोबरपासून वणव्यांचा अधिकृत मोसम, तो मार्चअखेरपर्यंत. म्हणजे दिवाळी, नाताळ, संक्रांत सगळं त्यातच. आणि शाळांची मोठी सुट्टी तेव्हाच असल्यामुळे लोकांना सगळ्यात जास्त हौसही तेव्हाच येते. या काळात काय ठेवावं?

दुसरी मदत: ‘नाही’ कसं म्हणायचं? नियम लिहिता येतात हो, पण काकूंना स्टेशनवरून परत कसं पाठवणार?

कातळकडा

चांगला धागा. आधी कोरडी कामं उरकून घ्या. न्यू साउथ वेल्समध्ये संस्था नोंदवायला किमान पाच सभासद लागतात, नोंदणी राज्य सरकारच्या फेअर ट्रेडिंग खात्याकडे. घटनेचा तयार मसुदा मिळतो, तोच घ्या. आपल्या लोकांनी नवी घटना लिहायला घेतली की तीन वर्षं गेलीच. मग बुशवॉकिंग एनएसडब्ल्यूशी संलग्न व्हा. क्लबांची ही जुनी फेडरेशन 1932 पासून आहे आणि संलग्न क्लबांना विमा तिच्यामार्फत मिळतो. पाहुणे आणि उमेदवार त्यात कसे बसतात हे त्यांनाच लेखी विचारा. काकूंचा प्रश्न तिथेच निम्मा सुटेल, कारण मग ‘मी नाही म्हणत’ऐवजी ‘विमा नाही म्हणतो’ असं सांगता येतं.

मंडळाच्या छत्राखाली क्लब ठेवू नका. हिशेब वेगळा, समिती वेगळी.

उगाचभटक्या

घ्या! म्हणजे आता अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष, आणि दोन वर्षांत ‘मूळ’ क्लब आणि ‘खरा’ क्लब. 😀

गंमत सोडा, पण रविवारी चार डोकी जमवून चालायला जायचं तर त्याला घटना कशाला? आमच्या वेळी लोणावळ्याला शेवटच्या लोकलने उतरायचो आणि राजमाची गाठायचो. कुणी फॉर्म भरला होता?

निलगिरी

@उगाचभटक्या, राजमाचीला वाट चुकलात तरी उधेवाडीत कुणीतरी पिठलं-भाकरी देतं आणि वाटेला लावतं. इथे रस्ता सोडला की दिवसभर माणूस दिसत नाही, फोनला रेंज नाही. सगळा फरक तिथे आहे.

रानवाट

उगाचभटक्यांना वाटतंय तसे इथले क्लब नुसते फॉर्म भरत बसत नाहीत. 1931 च्या ईस्टरला सिडनीच्या पश्चिमेकडच्या ब्ल्यू माउंटन्स डोंगरांतल्या ग्रोस व्हॅलीत चालायला गेलेल्या काही लोकांना ब्ल्यू गमच्या (निलगिरीच्या एका जातीच्या) जंगलात एक माणूस भेटला. जमीन त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होती आणि उंचच उंच झाडं तोडून तिथे अक्रोड लावायचा त्याचा बेत होता. क्लबवाल्यांनी वाटाघाटी केल्या, मंदीच्या दिवसांत 130 पौंड उभे केले आणि पट्टाच सोडवून घेतला. 1932 मध्ये ते जंगल राखीव झालं. आज ब्लॅकहीथवरून आपण खाली उतरतो ते त्यांच्यामुळे. फेडरेशनही त्याच साली झाली हा योगायोग नसावा.

सांगायचं कारण असं की वर्षाच्या आखणीत एखाद-दुसरा दिवस श्रमदानाचा ठेवा. बुशकेअरचे, म्हणजे रान राखणाऱ्या स्वयंसेवकांचे, गट ठिकठिकाणी आहेत, हातमोजे आणि अवजारं तेच देतात. आमच्या गटात मुख्य काम घाणेरी उपटण्याचं. होय, तीच आपली टणटणी! ती सह्याद्रीतही उपरी आणि इथेही. ज्या आजी-आजोबांना बारा किलोमीटर झेपत नाहीत ते दोन तास बसून रोपं लावतात आणि सगळ्यात जास्त खूश तेच असतात. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या प्रश्नावर माझं हेच उत्तर.

मेलबर्नकर

इकडे व्हिक्टोरियात क्लब आणखी जुने. मेलबर्न वॉकिंग क्लब 1894 चा. बायकांना तेव्हा त्यात घेत नव्हते, म्हणून त्यांनी 1922 मध्ये स्वतःचा काढला, तोही अजून चालू आहे.

आमच्या मराठी गटाने एक युक्ती केली, ती सांगते. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोन वॉक: एक लांबचा, एक तासाभराचा, आणि जेवण एकत्र. लांबच्याला नाव आधी नोंदवावंच लागतं, बूट आणि पाणी सक्तीचं. छोट्याला कुणीही या, स्ट्रोलर आणा, चपला घाला. स्टेशनवर कुणालाही ‘परत जा’ म्हणावं लागत नाही, ‘तुम्ही दुसऱ्या वॉकला’ म्हणायचं. तुमच्याकडे फिट्झरॉय फॉल्स त्यासाठी उत्तम. 81 मीटरचा धबधबा, आणि पहिलं निरीक्षणस्थळ माहिती केंद्रापासून दोन पावलांवर. लांब जाणारे कड्याच्या वाटेने पुढे जातील.

स्पीकरवर मात्र सरळ बंदी. त्याला काही युक्ती नाही.

सुईदोरा

मी इथे नर्स आहे, म्हणून फक्त उन्हाळ्याबद्दल. डिसेंबर ते फेब्रुवारी लांबचे वॉक ठेवूच नका. किनाऱ्यालगत सकाळी सातला सुरू करून दहाला पाण्यात उतरायचं, असे छोटे ठेवा. आगीच्या धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. यातल्या शेवटच्या दोन आल्या तर वॉक रद्द, चर्चा नाही. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) असेल तरी रद्द करा. हे आधीच छापून ठेवलंत की आदल्या रात्री गटात मतदान होत नाही. पार्क बंद आहे का तेही नॅशनल पार्क्सच्या साइटवर बघायचं. 2022 च्या पावसात दरडी कोसळून ब्ल्यू माउंटन्समधल्या कितीतरी वाटा बंद होत्या, ते लक्षात असेलच.

साप चावला तर: माणसाला जागेवर आडवं करा, चालवू नका. चावलेली जागा धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची तर अजिबातच नाही. रुंद लवचिक पट्टी, मुरगळलेल्या पायाला बांधतो तितकी घट्ट, ज्या हाताला किंवा पायाला चावलाय त्या पूर्ण अवयवावर. मग काठीचा आधार आणि 000 ला फोन. अशा दोन पट्ट्या प्रत्येक लीडरच्या सॅकमध्ये हव्यात, गाडीच्या डिकीत नव्हे. जुलैच्या प्रथमोपचार दिवशी प्रत्येकाने एकमेकांना बांधून बघा. पहिल्या वेळी सगळे ढिलीच बांधतात.

कातळकडा

+१. त्यात भर: रेंज नसेल तिथे पीएलबी न्या, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला तुमची जागा कळवणारं यंत्र. ब्ल्यू माउंटन्ससाठी ते विकत घ्यायची गरज नाही. कटूंबा आणि स्प्रिंगवूड पोलीस ठाण्यात किंवा ब्लॅकहीथच्या हेरिटेज सेंटरमध्ये फुकट मिळतं. कुठे चाललोय, कधी परतणार, हे तिथेच फॉर्मवर लिहून द्यायचं.

आणि जानेवारीत सिडनी भाजून निघत असताना कॉझियस्कोला जा! थ्रेडबोच्या चेअरलिफ्टने वर गेलं की शिखर जाऊन-येऊन 13 किलोमीटर, बरीचशी वाट लोखंडी जाळीच्या फळ्यांवरून. 2228 मीटर, देशाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण, आणि जानेवारीअखेरीस गवतात फुलंच फुलं. संक्रांतीचे तिळगूळ तिथे वाटा. हवा पालटते मात्र क्षणात, जॅकेट घ्याच.

उगाचभटक्या

तिळगुळाचं आवडलं. घटना-बिटनेवर माझं मत बदललेलं नाही, पण पट्टी बांधायला शिकायला येईन म्हणतो. डिसेंबरात मुलाकडे पॅरामाटालाच येतोय, जुलैपर्यंत तिथेच.

निलगिरी

सगळ्यांचे आभार! इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल समितीशी बोलले. दुहेरी वॉकची कल्पना सगळ्यांनी उचलून धरली, विशेषतः ज्यांच्याकडे पाहुणे असतात त्यांनी. लांबच्याला सोळाच माणसं, पुढे एक लीडर, शेवटी एक अनुभवी, आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. आगीच्या पायऱ्यांचा नियम सुईदोरा यांनी लिहिलाय तसाच घेणार. जानेवारी कॉझियस्को नक्की. श्रमदानाचे दोन दिवस, एक पाडव्यानंतर आणि एक जूनमध्ये. स्पीकरवर एका सदस्याने ‘हळू आवाजात चालेल का?’ असं विचारलंय. उत्तर: नाही. (बघा, जमायला लागलं.)

गणपती आणि म्यूओगामाराचा गुंता सुटलेला नाही. तिथे जागा आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. विसर्जनाच्या रविवारी अर्धा गट गेला तर मंडळात मला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल, आणि नाही गेलो तर फुलं पुढच्या वर्षी. शनिवारी सकाळी अभयारण्य आणि संध्याकाळी आरती, असं कुणी केलंय का? कोवानहून आरतीसाठी वेंटवर्थव्हिलला दुपारच्या रहदारीत किती वेळ लागतो, कुणाला अनुभव आहे?

शिवाय लांबच्या वॉकसाठी लीडर फक्त तीनच आहेत. सिडनीतल्या कुणाला उमेदवारी करायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाणी तीन लिटर, सॅक मी उचलून बघणार आहे.