एफ कॉर्ड नुसता वाजतो, गाण्यात आला की हात अडकतो (मदत हवी आहे)

ठाणेकर७
गिटारवर एफचा बार कॉर्ड (तर्जनी तारांवर आडवी ठेवून धरायचा) नुसता धरला तर नीट वाजतो. गाण्यात आला की हात थांबतो आणि ताल तुटतो. रोज तासभर वाजवतो, तरी तसूभर फरक नाही. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचंय. नेमका व्यायाम सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळे बघून झालेत.

सहा_तारा
अकुस्टिक की इलेक्ट्रिक? तारा कुठल्या? एफच्या आधी कोणता कॉर्ड येतो? वेग किती?

बेसवाला_काका
कॅपो लावा की राव, तारा दाबून धरणारा चिमटा! पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) लावायचा आणि सीच्या जागी जी, एफच्या जागी सी, जीच्या जागी डी, ए मायनरच्या जागी ई मायनर धरायचा. स्वर तेच, बार नाही. ऑर्केस्ट्रात आम्ही हेच करायचो.

ठाणेकर७
काका, कॅपो आहे माझ्याकडे. मला एफच वाजवायचाय. गिटार अकुस्टिक.

सहा_तारा
आणि बाकीच्या प्रश्नांचं?

ठाणेकर७
सीवरून एफ. तारा गिटारबरोबर आल्या त्याच. वेग मोजलेला नाही.

मंद्रसप्तक
तबल्याच्या ॲपवर संथ केरवा लावा, आठ मात्रांचा ठेका. चार मात्रा सी, चार मात्रा एफ. सम, म्हणजे पहिली मात्रा, हुकली की लगेच कळतं. नुसते ठोके देणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीत लय अंगात मुरत नाही.

सहा_तारा
केरवा नंतर. ठेका भरलेला असला की दोन कॉर्डांमधली फट त्यात झाकली जाते. टिकटिकीत ती उघडी पडते, आणि आत्ता ती ऐकू येणंच गरजेचं आहे.

मंद्रसप्तक
आमच्या गुरुजींनी आम्हाला ठेक्यावरच बसवलं. कुणाचं अडलं नाही.

पिंपळपान
ठाणेकर, त्या तासात नक्की काय वाजवता?

ठाणेकर७
तीन गाणी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, परत परत.

पिंपळपान
मग अडतंय ते इथेच. मी मुलांना शिकवते, हे सारखं दिसतं. पूर्ण गाण्यात सी-एफची जागा मोजक्या वेळा येते आणि दर वेळी तुम्ही तिथे थांबता. हाताला त्या थांबण्याचाच सराव होतोय. गाणी काही दिवस बाजूला ठेवा, फक्त ही जागा घ्या.

सी धरलात की अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते. एफमध्येही ती तिथेच लागते. ती उचलायचीच नाही, बाकीची बोटं तिच्याभोवती हलवा. दुसरं म्हणजे, तर्जनी सहाही तारांवर दाबायची गरज नाही. पाचवी, चौथी, तिसरी तार बाकीची बोटं धरतात. तर्जनीने सहावी, दुसरी आणि पहिली वाजली की झालं. तर्जनी किंचित कडेवर कलती ठेवा, अंगठा मानेच्या मागे.

मेट्रोनोम मिनिटाला ५० ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. एफ अर्धवट लागला तरी उजवा हात थांबवायचा नाही. स्वच्छ जमलं की ४-५ ने वाढवा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा, सलग तासापेक्षा हे बरं. मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद.

लाकूडकाम
आधी गिटार तपासा हो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते, तारा उंच होतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. केसाएवढी हवी. जास्त असेल तर नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच आहे, कारागिराकडून घासून घ्या. बाराच्या जाड तारा असतील तर अकराच्या, थोड्या पातळ लावा.

पिंपळपान
नुसता धरल्यावर वाजतो म्हणताहेत ना ते. मग नट एवढा उंच नसणार.

लाकूडकाम
वाजतो, पण किती जोर लावून? तेवढा जोर गाण्यात पटकन येत नाही. बघायला काय जातं?

माहेरवाशीण
विषय चाललाच आहे म्हणून विचारते, मुलगी सात वर्षांची आहे. युकुलेले घ्यावं की लहान गिटार?

मंद्रसप्तक
ताई, आधी हार्मोनियमवर सरगम करून घ्या. आणि गिटारला बार लागतोच असं नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवर सळई फिरवत पूर्ण राग वाजवायचे. विश्वमोहन भट्टांच्या गिटारला तर ग्रॅमी मिळालं.

सहा_तारा
१९९४ चं ग्रॅमी, आणि ती मोहनवीणा, तरफेच्या, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या तारा लावलेली. ठाणेकरांना सोसायटीत स्ट्रमिंग करायचंय हो, कॉर्ड धरून तारा छेडायच्यात.

बेसवाला_काका
ताई, युकुलेलेच घ्या. चारच तारा, त्याही नायलॉनच्या, बोटं सोलत नाहीत.

ठाणेकर७
पिंपळपान, अनामिका न उचलता ५० वर सी-एफ जमतंय, हात थांबत नाही. फट बघितली, केसाएवढीच आहे. पण दुसऱ्या गाण्यात ए मायनरवरून एफ येतो. तिथे अनामिका आधीपासून जागेवर नसते, मग काय धरून ठेवायचं?

पिंपळपान
तर्जनी. ती आधीच पहिल्या फ्रेटवर, दुसऱ्या तारेवर आहे. उचलू नका, तिथेच आडवी पाडा. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर सरकवा, फ्रेट तोच. आधी या दोनच बोटांची हालचाल करा. अनामिका आणि करंगळी उद्या.