फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक येतात, पण एकत्र लावले की एका माणसाचे वाटत नाहीत. नजर कशी घडवायची?

धूसर:
नमस्कार मंडळी. एक्स्पोजर, फोकस, रॉ प्रोसेसिंग (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवरचं काम) यांत आता अडत नाही. फुल-फ्रेम बॉडी (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला कॅमेरा), 24-105 झूम आणि 35 मिमीची प्राइम (झूम न होणारी लेन्स) आहे. हार्ड डिस्कवर रस्ते, माणसं, घरातल्या वस्तू, थोडं लँडस्केप असा भरपूर साठा आहे. सुटा फोटो पाहिला तर बरा वाटतो. वीस फोटो शेजारी शेजारी लावले की वीस जणांनी काढल्यासारखे दिसतात.

आता एक सलग मालिका करायची आहे आणि तिच्यासोबत कामामागचा विचार सांगणारं पानभर टिपणही द्यायचं आहे. सुरुवात जुन्या साठ्यातून करावी की नव्याने फोटो काढावेत? एकच लेन्स, एकच रंगछटा अशी बंधनं खरंच उपयोगी पडतात का? आणि त्या टिपणात लिहायचं काय? 'मनापासून काढा' हे पुष्कळदा ऐकलंय, उद्या सकाळी हातात घेता येईल असं काही सांगा.

अर्धछाया:
जुन्या साठ्यापासूनच. नजर शटर दाबताना जेवढी दिसते त्याहून जास्त निवडताना उघडी पडते. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने 1955-56 मध्ये अमेरिकाभर फिरून 27,000 च्या वर फ्रेम काढल्या, त्यांतून हजारभर छोटे प्रिंट करून ते भिंतीवर लावले, हलवले, काढून टाकले आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात ठेवली फक्त 83 छायाचित्रं. आपण ज्याला त्याची नजर म्हणतो ती बरीचशी या छाटणीत घडली आहे.

गेल्या सहा महिन्यांतले फोटो आत्ता बाजूला ठेवा. ताज्या फोटोत आपल्याला तिथली हवा, झालेली दमछाक, समोरच्या माणसाशी झालेलं बोलणं सगळं दिसत असतं. बघणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड याच कारणासाठी फिल्मचे रोल मुद्दाम उशिरा डेव्हलप करायचा. फक्त उशिराला मुदत हवी. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल डेव्हलप न होताच राहिले होते.

पहिल्या फेरीत फक्त होय किंवा नाही. सॉफ्टवेअरमधले तारे (गुण) देऊ नका, पाच ताऱ्यांची मोजपट्टी हातात आली की निम्मे फोटो तीनवर जाऊन बसतात आणि निर्णय टळतो. एका फोटोला दोन-तीन सेकंद पुरे. दीडशे-दोनशे उरले की स्क्रीन बंद करा आणि 10×15 सेंमीचे प्रिंट काढा. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो मोठा दिसतो, आणि मागून उजळलेला मोठा फोटो बहुतेक वेळा चांगलाच वाटतो. जमिनीवर साठ एकदम दिसतात, आणि एवढ्याशा आकारात कच्ची रचना लगेच कळते.

प्रिंट मॅट किंवा लस्टर (अर्धचमकीच्या) कागदावर काढा, चकचकीत कागदावर दिव्याची चमक येत राहते. चारी बाजूंना 5 मिमी पांढरी कड ठेवा, नाहीतर शेजारच्या फोटोंचे रंग एकमेकांत शिरतात. इंकजेटवर काढत असाल तर थप्पी लावण्याआधी 24 तास सुटे वाळू द्या. रेझिन-कोटेड (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाच्या पाठीवर पेन्सिल नीट उमटत नाही आणि बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे वळ दिसतो, म्हणून फाइल नंबर कडेवर बारीक छापून घ्या.

आता मुख्य भाग. गट 'माणसं', 'रस्ते', 'वस्तू' असे करू नका, ते तुम्हाला आधीच माहीत आहे. गट करा ते असे: कॅमेरा विषयापासून किती दूर आहे, उजेड कुठल्या बाजूने येतो, कडेला काय कापलं गेलंय, माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय की दुसरीकडे, फ्रेममध्ये रिकामी जागा किती आणि कुठे. समजा, ओट्यावरच्या कपबशीचा फोटो आणि रस्त्यावरच्या पाठमोऱ्या माणसाचा फोटो. विषयाने दोन टोकं. पण दोन्हींत उजेड डावीकडून, खिडकीतून आल्यासारखा आडवा. मुख्य वस्तू फ्रेमच्या खालच्या तृतीयांशात. वर सगळी मोकळी भिंत. हे दोन फोटो एकाच माणसाने काढलेत. असे पंचवीस सापडले की तुमची मालिका सुरू झाली, तिला विषय नंतर मिळेल.

सोबत आकडेही पाहा. निवडलेल्या फोटोंची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा), अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, f/8 सारखा आकडा) आणि वेळ एक्झिफटूल या प्रोग्रॅमने सीएसव्हीत (तक्त्याच्या फाइलीत) काढता येते. पूर्ण साठ्याचे आकडे आणि निवडलेल्यांचे आकडे शेजारी ठेवा. साठ्यात 105 मिमी भरपूर आणि निवडीत जवळपास नाहीच, असं दिसलं तर झूम ओढून काढलेले फोटो तुमच्या स्वतःच्याच पसंतीला उतरत नाहीत, हे कागदावर आलं.

लेन्सकॅप:
वरच्याशी सहमत. बंधनांबद्दल लिहितो, कारण 'एकच लेन्स वापरा' हा सल्ला सगळे देतात, पण तो कशासाठी ते कोणी सांगत नाही.

पर्स्पेक्टिव्ह (जवळच्या-दूरच्या वस्तूंचं आकारातलं नातं) लेन्स ठरवत नाही, तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवतं. लेन्स फक्त तिथून किती भाग घ्यायचा ते ठरवते. झूम हातात असला की पाय थांबतात आणि अंतर आपोआप, न ठरवता, बदलत राहतं. वीस फोटो वीस जणांचे वाटायचं सगळ्यात मोठं कारण हे असतं. प्राइम लावली की अंतर ठरवावंच लागतं. आडव्या फ्रेममध्ये उभा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत मावायला 35 मिमीवर साधारण पावणेतीन मीटर लागतात, 50 वर जवळजवळ चार. पावणेतीन मीटरवर माणसाला तुम्ही जाणवता आणि तो तसा वागतो. चार मीटरवर तो तुम्हाला विसरू शकतो. म्हणजे लेन्स निवडताना तुम्ही माणसांशी किती जवळीक ठेवणार हेच ठरवताय. 'विचार' म्हणतात तो इथून सुरू होतो.

35 तुमच्याकडे आहेच, तीच लावा. लेन्स मॅन्युअल फोकसवर, f/8, फोकस 3 मीटरला. फुल-फ्रेमवर साधारण 1.9 ते 7.3 मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. हा हिशोब 0.03 मिमी सर्कल ऑफ कन्फ्यूजनचा (सेन्सरवर ठिपका किती पसरला तरी चालेल ती मर्यादा) आहे. मोठे प्रिंट काढायचे असतील तर तो ढिला पडतो, मग f/11 वर जा. चालत्या माणसासाठी शटर किमान 1/250 सेकंद, ऑटो आयएसओला (प्रकाशसंवेदनशीलता आपोआप बदलण्याची सोय) वरची मर्यादा 6400. इथे बिघडतं ते असं: बऱ्याच ऑटोफोकस लेन्सच्या रिंगला थांबा नसतो, बोट लागलं की फोकस सरकतो आणि कळतही नाही. रिंगवर कागदी टेपचा तुकडा लावा किंवा बॉडीत फोकस रिंग लॉक असेल तर तो चालू करा.

आणि एक बंधन तांत्रिक नको, नकाराचं हवं. छायाचित्रकार जोडपं बर्न्ड आणि हिला बेखर यांनी 1959 पासून पाण्याच्या टाक्या, कूलिंग टॉवर, भट्ट्या असल्या औद्योगिक वास्तूंचे फोटो काढले: लार्ज फॉरमॅट कॅमेरा, समोरून, ढगाळ आकाश, सावली नाही, माणूस नाही. सुंदर ऊन त्यांनी नाकारलं म्हणून टाकीचा आकार बोलू लागला. तुम्ही काय काढणार नाही याची तीन वाक्यं लिहा आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा.

काजळरेघ:
लेन्सकॅप, अंतराचा मुद्दा पटला, पण एकच फोकल लेंग्थ म्हणजेच शिस्त असं नाही. छायाचित्रकार सॉल लायटरने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लांब लेन्सही भरपूर वापरल्या, कारण त्याला काच, छत्री, वाफ असे थर एकमेकांवर दाबून बसवायचे होते. तिथे 35 चा हट्ट आडवा आला असता. आधी काय हवंय ते साठ्यातून शोधा, मग लेन्स.

एकाच रंगछटेबद्दल: प्रीसेटने (आधी साठवलेल्या सेटिंगच्या संचाने) मालिका एकसंध होत नाही. प्रीसेट सगळ्यांवर सारखेच स्लाइडर लावतो, फोटो मात्र वेगवेगळ्या उजेडातले असतात. म्हणून एकात सावल्या छान हिरवट होतात आणि दुसऱ्यात माणसाचा चेहरा आजारी दिसतो. सारखेपणा स्लाइडरमध्ये शोधू नका, तो निकालात आला पाहिजे. मी तीन गोष्टी बांधून घ्यायला सांगेन.

पहिली, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगाची जुळणी. ऑटोवर एकाच भिंतीचे पाठोपाठ दोन फोटो वेगळे येतात, कारण फ्रेममध्ये लाल साडी आली की कॅमेरा रंगाचा अंदाज बदलतो. दिवसाच्या मालिकेला 5200 ते 5500 केल्विनवर कायम ठेवा. संध्याकाळ पिवळी येईल, येऊ द्या, ती पिवळीच असते.

दुसरी, काळा रंग कुठे बसतो. पाच-सहा फोटो आदर्श म्हणून ठरवा आणि त्यांतल्या सर्वांत गडद सावलीत तपशील दिसतो की नाही ते एकदाच ठरवून टाका. एका फोटोत सावलीतली विणलेली टोपली दिसते आणि शेजारच्यात सावली नुसती शाई, असं झालं की मालिका तुटते. डोळ्याला रंगापेक्षा हा फरक आधी खुपतो.

तिसरी, मॉनिटर. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून फार उजळ येतात. त्यावर फोटो ठीक दिसेपर्यंत गडद केला की प्रिंट काळपट येतो आणि लोक प्रिंटरला दोष देतात. कॅलिब्रेटरने (मॉनिटर मोजून जुळवणाऱ्या उपकरणाने) उजळपणा 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर या दरम्यान आणा, खोलीतला उजेड मंद ठेवा.

कृष्णधवल करायचं असेल तर ते आधी ठरवा. रॉ चालू ठेवून कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू मोनोक्रोम करा. फाइलमध्ये रंग राहतात, पण बघताना तुम्ही उजेडाचे पट्टे बघू लागता. रंगात फसलेला फोटो नंतर कृष्णधवल करून वाचवला तर बहुतेकदा रचना लालवर उभी असते आणि लाल जाऊन जवळपास शेजारच्या हिरव्याइतकाच राखाडी होतो. मग फोटोत काही उरत नाही.

धूसर:
खूप आभार. काजळरेघ, सावलीचा मुद्दा आधी कुठेच वाचला नव्हता. अजून एक शंका. चाळणीत एखादा फार चांगला फोटो उरतो, पण तो कुठल्याच गटात बसत नाही. तो टाकायचा का?

अर्धछाया:
मालिकेतून काढा, फेकू नका. वेगळा डबा ठेवा. त्या डब्यात असे सात-आठ जमले की त्यांच्यात आपसांत काही सारखं आहे का ते पाहा. कित्येकदा पुढचं काम तिथेच पडलेलं असतं. मालिकेत मात्र असा फोटो घात करतो: बघणारा त्याच्यापाशी थांबतो आणि आजूबाजूचे फिके पडतात.

क्रम लावताना जोड्यांनी विचार करा. डाव्या पानावरची रेघ उजव्या पानावर कुठे जाते, दोन सारखे फोटो लागोपाठ आले की दुसरा मरतो, वगैरे. पहिला फोटो सर्वांत जोरदार नको, बघण्याची रीत सांगणारा हवा. क्रम लागला की भिंतीवर आठवडाभर राहू द्या. येता-जाता ज्याच्यावरून नजर रोज घसरते तो काढा. वीस-पंचवीसच्या वर जायचा मोह टाळा.

फिक्सर:
टिपणाचा प्रश्न राहिला, तो घेतो. हे टिपण शेवटी लिहा, निवड झाल्यावर. आधी लिहिलं की फोटो त्याची चित्रं होतात.

प्रत्येक निवडलेल्या फोटोसमोर एक वाक्य लिहा: हा का ठेवला. 'सुंदर', 'भावपूर्ण', 'क्षण', 'प्रवास' हे शब्द बाद. 'माणूस पाठमोरा आहे, त्यामुळे हातातल्या पिशवीकडे लक्ष जातं' हे चालेल. पंचवीस वाक्यं झाली की जे कारण पुन्हा पुन्हा आलं ते टिपणाचं पहिलं वाक्य. पुढे तीन गोष्टी पुरेत: काय काढता, कसं काढता (अंतर, उजेड, वेळ), काय काढत नाही. दीडशे शब्दांत बसतं. पानभर जागा मिळाली आहे म्हणून पान भरू नका.

तपासायची रीत अशी: टिपणातलं वाक्य दुसऱ्या कुणाच्या मालिकेखाली चिकटवून बघा. 'मी सामान्यातलं असामान्य शोधतो' हे कुठेही चिकटतं, म्हणून ते काढा. 'मी घरातल्या वस्तू सकाळच्या खिडकीच्या उजेडात, हात पोचेल एवढ्या अंतरावरून काढतो आणि त्यांना हलवत नाही' हे दुसरीकडे चिकटणार नाही. 'हलवत नाही' लिहिलंत तर ते प्रत्येक फोटोत खरं असलं पाहिजे. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने 1930 मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात मुद्दाम ठेवून फोटो काढला, कारण त्याला वस्तूचा आकार हवा होता, ती कुठे पडली होती हे नको होतं. दोन्ही रीती खऱ्या आहेत, तुमची कोणती ते तुम्ही ठरवायचं.

माणसांचे फोटो असतील तर त्यांना विचारलं होतं की नाही, हेही टिपणात एका वाक्यात येऊ द्या. विचारून काढलेला आणि न विचारता काढलेला फोटो वेगळे वाचले जातात, आणि बघणाऱ्याला ते माहीत असायला हवं.