मारुती ८००, ९८ चं मॉडेल, ऑइलचा लाल दिवा लागतोय, मिस्त्री इंजिन खोलायचं म्हणतोय. मदत हवी आहे

सातारी_८००
मंडळी जरा अर्जंट आहे. घरच्या जुन्या ८०० ला ऑइलचा लाल दिवा लागायला लागलाय. सेन्सर नवीन टाकला, फिल्टर नवीन टाकला, काही फरक नाही. इथल्या मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की बेअरिंगं गेली, इंजिन खोलावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरून चला. बहिणीचं लग्न तोंडावर आलंय, गाडी रोज लागते. इंजिन न खोलता काही होतं का तेवढंच सांगा. गाडी विका असं कृपया कोणी सांगू नका.

डोंबिवलीचा_दादा
दिवा कधी लागतो ते लिहिलंच नाही. गार इंजिनला, गरम झाल्यावर, आयडलला (उभी गाडी, रेस न देता) का पळताना? किलोमीटर किती झालेत? ऑइल कुठलं आहे? खालून ठकठक असा आवाज येतो का?

बापू_कोल्हापूर
२०डब्ल्यू५० टाका, विषय संपला. माझ्या ८०० ला हाच त्रास होता, जाड ऑइल टाकलं तेव्हापासून दिवा नाही.

रानवाट
बापू, दिवा गेला म्हणजे रोग गेला असं नाही ना. बेअरिंगमध्ये गॅप वाढला असेल तर जाड ऑइलने प्रेशर थोडं वर दिसेल, गॅप तेवढाच राहील. आणि अजून गॅप आहे का तेच माहीत नाही.

बापू_कोल्हापूर
जुन्या इंजिनला थोडा गॅप असणारच. नव्या इंजिनासारखं पातळ ऑइल त्याला चालत नाही हे कुठलाही जुना मिस्त्री सांगेल.

सातारी_८००
गरम झाल्यावर लागतो. परवा पुण्याहून येताना खंबाटकी चढून आलो, सुरूर फाट्यावर थांबलो तर आयडलला दिवा फडफडायला लागला, रेस दिली की जातो. सकाळी गार असताना नसतो. आवाज नाही. मीटर बंद आहे, किलोमीटर माहीत नाहीत. ऑइल गेल्या सर्व्हिसला गॅरेजवाल्याने टाकलं, कुठलं ते विचारलं नाही.

विदर्भ_एक्सप्रेस
बॅटरीचा दिवा पण लागतो का? माझ्या गाडीचा अल्टरनेटर गेला होता, कार्बन ब्रश बदलले, स्वस्तात काम झालं.

डोंबिवलीचा_दादा
विदर्भ, त्यांनी ऑइलचा दिवा म्हटलंय.

जुनं_लोखंड
मी गॅरेजमध्येच वाढलोय म्हणून सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, दिव्यावरून प्रेशर कळत नाही. सेन्सर म्हणजे साधा स्विच, प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (४ ते ७ पीएसआयच्या) खाली गेल्यावर तो दिवा लावतो, त्याच्या वर प्रेशर किती आहे ते तो सांगत नाही. सेन्सर बदलून काही सिद्ध होत नाही, तो सेन्सर काढून तिथेच मेकॅनिकल गेज लावायचा. मोठ्या गॅरेजात असतो, नसेल तर स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो, आणि त्याचा खर्च इंजिन खोलण्याच्या मानाने काहीच नाही. गार असताना आयडलला, मग पूर्ण गरम करून आयडलला, मग ३००० आरपीएमला, असं तिन्ही वेळचं रीडिंग घ्या. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा आहे, अगदी काटेकोर नाही पण अंदाज येतो. आता अर्थ लावा. आयडलला कमी आणि रेस दिल्यावर ठीक, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलंय. सगळ्याच आरपीएमला कमी, तर पंप झिजलाय नाहीतर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या झडपेत) कचरा अडकून तो उघडा राहिलाय. आयडलला ठीक आणि रेस वाढवली की पडतं, तर चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी गाळाने बंद आहे, पंपाला ऑइल ओढता येत नाही. हे न बघता इंजिन खोलायला सांगणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही.

रानवाट
+१. आणि फिल्टर चोक झाला म्हणून सहसा दिवा लागत नाही, फिल्टरला बायपास (तो चोक झाला तरी ऑइल जायला दुसरी वाट) असतो.

भाऊ_मिरज
एवढं कशाला. अर्धा लिटर डिझेल टाका इंजिनात, दहा मिनिटं आयडलला ठेवा, सगळा गाळ निघून येतो, मग नवीन ऑइल. आमच्याकडे सगळे असंच करतात.

जुनं_लोखंड
भाऊ, हात जोडतो, हे नका सांगू कोणाला. आधीच प्रेशर कमी आणि त्यात डिझेल घालून ऑइल अजून पातळ करायचं? शिवाय वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला की तो जाळीवरच येऊन बसतो. चांगली इंजिनं अशी गेलेली मी पाहिली आहेत.

भाऊ_मिरज
आमच्या गाड्यांना तर काही झालं नाही.

पुणेरी_कार्ब
९८ म्हणजे कार्ब्युरेटरवालीच, ८०० ला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल) २००० मध्ये आलं. सातारी, डिपस्टिक बघितली का? लेव्हल किती आहे?

सातारी_८००
लेव्हलचा प्रश्नच नाही, भरपूर आहे. मॅक्सच्या वर आहे.

पुणेरी_कार्ब
अहो हे आधी सांगायचं! तुम्ही वरून ऑइल टाकलं का?

सातारी_८००
नाही. फिल्टर बदलताना गेलं तेवढंच भरलं.

पुणेरी_कार्ब
मग जुन्या इंजिनात ऑइल वाढतंय कसं? डिपस्टिक काढून वास घ्या, बोटांवर चोळून बघा. पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा (गॅरेजवाले एसी पंप म्हणतात तो) डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय. हा पंप इंजिनाच्या हेडवर बसतो, त्याचा दांडा कॅमवर चालतो, डायफ्राम फाटला की पेट्रोल आत गळून थेट चेंबरमध्ये उतरतं. गार असताना निभतं, घाट चढून तापलं की ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि आयडलला प्रेशर राहत नाही. तुमची सगळी लक्षणं जुळतायत.

डोंबिवलीचा_दादा
कार्बची (कार्ब्युरेटरची) पेट्रोल अडवणारी नीडल लीक असेल किंवा चोक अडकला असेल तरी पेट्रोल ऑइलमध्ये जातं, फक्त पंपच नाही.

पुणेरी_कार्ब
बरोबर, पण मग गाडी काळा धूर देईल, गरम असताना स्टार्टला त्रास देईल. ते यांनी लिहिलेलं नाही. पंप दोन नटांवर आहे, काढून दांड्याच्या बाजूला ओलं आहे का बघायला वेळ लागत नाही.

जुनं_लोखंड
वास आला तर गाडी अजिबात चालवू नका. पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही, आज शाबूत असलेली बेअरिंगं खरंच जातील. आणि चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठते, तिथे बिडी-काडी काही नको.

कोकणस्थ_७०
एवढा खटाटोप कशाला, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. स्क्रॅपला द्या.

सातारी_८००
स्क्रॅपचं मी विचारलेलं नाही. वास घेतला, पेट्रोल आहे, चांगलंच आहे. पंप काढायला दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलंय.

सातारी_८००
अपडेट. पंप काढला, दांड्याची बाजू पूर्ण ओली होती. नवीन पंप, नवीन फिल्टर, २०डब्ल्यू४० ऑइल. जुनं ऑइल काढताना धारच पाण्यासारखी पडत होती. गेज लावून बघितलं, गार आयडलला ४८, गरम आयडलला ११, गरम ३००० ला ३६ पीएसआय. दिवा नाही. ११ चालेल का? का अजूनही इंजिन खोलावं लागेल?

बापू_कोल्हापूर
११ म्हणजे कमीच. २०डब्ल्यू५० टाकलं असतं तर १५ दिसलं असतं.

जुनं_लोखंड
चालेल. ठोकताळ्याप्रमाणे ३००० ला ३० हवं, तुमच्याकडे ३६ आहे, म्हणजे ऑइल पंप आणि जाळी ठीक आहे. बेअरिंग थोडं झिजलं असणार, वयच आहे, पण आवाज नाही तर खोलायचं कारण नाही. दोन गोष्टी करा. हे ऑइल ५०० किलोमीटरला परत बदला, कारण गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) आणि कोपऱ्यात पेट्रोल मिसळलेलं जुनं ऑइल राहिलेलं असतं. आणि आठवड्याला डिपस्टिक बघा, लेव्हल वर सरकली तर पंप नवीन असला तरी कार्ब तपासा, डोंबिवलीच्या दादांचा मुद्दा तेव्हा लागू पडेल.

भाऊ_मिरज
५०० ला ऑइल बदलायचं म्हणजे उगाच खर्च.

सातारी_८००
बदलणार आहे. लग्नाच्या आधीच बदलून घेतो.