मदत हवी आहे : नवी किडनी कॅमेऱ्यात छान दिसली, मग लघवी का होत नाही?

धाकट्या भावाच्या किडनी प्रत्यारोपणाचा आज सहावा दिवस. किडनी मेंदूमृत दात्याची, चौदा तास बर्फात होती. रक्तवाहिन्या जोडून क्लॅम्प काढल्यावर सर्जननी शिरेतून आयसीजी नावाचा रंग देऊन इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं किडनी पाहिली. नंतर आम्हाला फोटोही दाखवला : काळ्या पडद्यावर अख्खी किडनी एकसारखी उजळलेली. "रक्तपुरवठा उत्तम आहे," म्हणाले. आम्ही तेवढ्यावर निर्धास्त.

लघवी मात्र दिवसाला जेमतेम 150 मिली. नर्स दर तासाला पिशवी बघून तक्त्यात आकडा लिहिते. काल ओळीनं तीन रकाने 5, 5, 0. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 6.8, डायलिसिस दोनदा झालं. डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, 'डीजीएफ' आहे, म्हणजे नवी किडनी उशिरा कामाला लागतेय, वाट पाहू.

तो फोटो फसवा होता, की मीच त्यातून भलतं समजले? कृपया 'धीर धरा' सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, किडनीची नाही; तेवढं धरून वाचा. फोटो खराच, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतो आणि यकृतातून पित्तावाटे बाहेर पडतो. किडनी तो गाळतच नाही! म्हणजे उजेड दिसला तो रक्त पोचल्याचा, किडनी कामाला लागल्याचा नव्हे. त्यातून हा प्रकाश काही मिलिमीटरच आत शिरतो, त्यामुळे दिसते ती वरची सालच. बर्फातले तास आणि मग अचानक परतलेलं रक्त, यात किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी दुखावतात. त्या सावरायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात.

नुसत्या फोटोपेक्षा उजेड किती वेगानं चढला, हे मोजलं तर जास्त कळतं. मंद चढण आणि डीजीएफ यांचा संबंध अभ्यासांत दिसलाय. पण त्यावरून एकट्या पेशंटचं भाकीत करायला मी धजावणार नाही.

दोन गोष्टी विचारा : टॅक्रोलिमसची (रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी किती, आणि बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणी) कधी? डीजीएफच्या आड रिजेक्शन लपू शकतं, ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

धागाकर्ती
विचारलं. बायोप्सी परवा आहे. टॅक्रोची पातळी 11, ती फाईलमध्ये होतीच, मी पानच उलटलं नव्हतं.