गाडीची पट्टी चिकटत नाहीये, काय लावू? (अर्जंट)

घोडबंदरी: मंडळी मदत हवी आहे. गाडीला बाजूने लावायच्या क्रोमच्या पट्ट्या ऑनलाइन मागवल्या, मागे डबल टेप लावूनच आल्या होत्या, लावल्या, मस्त बसल्या आणि पातलीपाड्याच्या पुलापर्यंत जात नाही तोच डावीकडची लोंबायला लागली. परत दाबली, परत सुटली. सरळ फेविक्विक मारू का? शनिवारी लग्नाला पुण्याला जायचंय, पटकन सांगा. दुसऱ्या घ्या वगैरे नको.

नेरुळचा_काका: गाडी कोणती, पट्टी नेमकी कुठे, दारावर का बंपरवर, पुसून लावली का तशीच? आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

घोडबंदरी: गाडीचा काय संबंध? पांढरी आहे. पुसली होती ओल्या फडक्याने. थोड्या दारावर, थोड्या चाकाच्या वर काळं असतं ना, तिथे.

तुर्भे_टेपवाला: दारावरच्या टिकल्या, काळ्यावरच्या सुटल्या, बरोबर? ते काळं म्हणजे बहुतेक रंग न मारलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक, त्यावर साधी टेप धड धरत नाही. थ्रीएमचा ९४ नंबरचा प्रायमर (टेपची पकड वाढवणारं द्रावण) पातळ लावून सुकू द्या, मग व्हीएचबी, म्हणजे त्यांचीच जाड दणकट डबल टेप, नवी. उपटलेली टेप परत वापरू नका. फेविक्विक तर नकोच, कडक होतं, खड्ड्यात आपटलं की तडकतं, आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

कटिंग_चाय: एवढं कशाला, काळं सिलिकॉन भरा. माझे डोअर व्हायजर (काचेच्या वरच्या पावसाच्या पट्ट्या) त्यावरच आहेत, पावसाळ्यात पण हललेले नाहीत.

तुर्भे_टेपवाला: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. रंगाला चरा असेल तर खाली गंज धरतो.

कटिंग_चाय: माझ्या गाडीला गंज नाही.

तुर्भे_टेपवाला: व्हायजर काढून बघितलंय?

सौ_स्टिअरिंग: बुलगार्ड (बंपरपुढचा लोखंडी दांडा) मात्र लावू नका हं, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. आमच्या ऐरोलीत एकाला पकडलं होतं.

नेरुळचा_काका: ताई, पट्टीचं चाललंय. बरं घोडबंदरी, काळ्या भागावर पॉलिश मारता का?

घोडबंदरी: मी नाही, वॉशिंगवाला मारतो, दर वेळी चकाचक करून देतो.

तुर्भे_टेपवाला: तिथेच घोडं पेंड खातंय! त्या पॉलिशमध्ये तेलकट सिलिकॉन असतं, त्याच्यावर प्रायमरही बसायचा नाही. आधी भांड्याच्या साबणाने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा, फडकं बदलत राहा, पूर्ण कोरडं होऊ द्या. पट्टी लावली की अंगठ्याने टोकापासून टोकापर्यंत जोर देत जा. २० मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण ७२ तासांनी. तोवर प्रेशर वॉश बंद.

घोडबंदरी: ७२ तास?? आज गुरुवार आहे.

कटिंग_चाय: म्हणून म्हणतोय सिलिकॉन.

नेरुळचा_काका: काळ्यावरच्या काढून डिकीत टाका, आल्यावर लावा. लग्नात तुमची पट्टी कोण बघतंय?

घोडबंदरी: काका, नवरदेव याच गाडीतून जाणार आहे.

नेरुळचा_काका: अरे मग हे आधी सांग ना! फुलवाला बोनेटपासून दारापर्यंत सगळीकडे सेलोटेप मारणार, झाकून जाईल सगळं.

घोडबंदरी: त्या सेलोटेपचा डिंक नंतर कशाने निघतो?

सौ_स्टिअरिंग: खोबरेल तेल.

तुर्भे_टेपवाला: तेल लावा आणि परत इथे विचारायला या, पट्टी का चिकटत नाही म्हणून.