शिकार थांबली, तरीही फर सील धोक्यात का?

प्रश्न: एक शिक्षिका, सदाशिव पेठ
नमस्कार. पुण्यातील आमच्या शाळेच्या निसर्गमंडळासाठी मी अंटार्क्टिक फर सील या दाट केसांच्या सागरी सस्तन प्राण्यावर टिपण लिहीत आहे. ब्रिटिश दर्यावर्दी व सील-शिकारी जेम्स वेडेल यांच्या अंदाजाप्रमाणे १८२५ पर्यंत दक्षिण अटलांटिकमधील एकट्या दक्षिण जॉर्जिया बेटावरून या सीलची किमान १२ लाख कातडी नेली गेली, आणि ही प्रजाती जवळजवळ संपली. १९३० च्या दशकात तेथील बर्ड बेटावर थोडे सील आढळले; पुढे त्यांची संख्या लाखोंवर गेली. मग एप्रिल २०२६ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने तिला ‘संकटग्रस्त’ का ठरवले?

प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, औंध
ताई, मुख्य कारण अन्नाचे आहे. आययूसीएनच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये सुमारे २१ लाख ८७ हजार असलेले प्रौढ सील २०२५ मध्ये ९ लाख ४४ हजारांवर आले. समुद्र तापतो आहे, बर्फ घटतो आहे आणि या सीलचे मुख्य अन्न असलेले, कोळंबीसारखे दिसणारे क्रिल अधिक खोल पाण्यात जात आहेत. मादी पिल्लाला पाजून काही दिवस समुद्रात चरते, परतते आणि पुन्हा जाते. सुमारे चार महिने, म्हणजे पिल्लू दूध सोडेपर्यंत, हा क्रम चालतो. क्रिल दुरावले की तिची फेरी लांबते आणि किनाऱ्यावरचे पिल्लू तितका काळ उपाशी राहते. पहिल्याच वर्षी पिल्ले दगावू लागल्याने प्रजनन करणाऱ्या सीलमध्ये वयस्करांचे प्रमाण वाढले आहे, आणि मला हीच बाब सर्वांत चिंताजनक वाटते.

निवृत्त प्राध्यापक, कोथरूड
वरील उत्तर योग्य आहे, तथापि सारा भार तापमानावर टाकू नये. पूर्वी शिकार झालेले देवमासे पुन्हा वाढत आहेत आणि तेही क्रिलच खातात. काही ठिकाणी बिबट्या सील नावाचे मोठे शिकारी सील फर सीलची पिल्ले मारतात. शिवाय मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. प्रसूतीनंतर साधारण आठवड्याभरात तिचे पुन्हा मीलन होते, परंतु गर्भ काही महिने वाढ थांबवून राहतो आणि नंतरच गर्भाशयात रुजतो. त्यामुळे जन्म दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभीच होतात. त्या काळात मादी कृश राहिली, तर अंगावरचे पिल्लू आणि पुढच्या वर्षीचे पिल्लू दोन्ही अडचणीत येतात.

शिक्षिका
सर, आभारी आहे. मग आता संरक्षण नेमके कशाचे करायचे?

निवृत्त प्राध्यापक, कोथरूड
अंटार्क्टिक सीलविषयीच्या १९७२ च्या करारात फर सील मारण्यास मनाई आहे, पण तो करार त्यांच्या अन्नाला हात लावत नाही. ती उणीव अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या करारात काही अंशी भरून निघते. तो १९८२ पासून लागू आहे आणि भारतही त्याच्या आयोगाचा सदस्य आहे. क्रिलच्या मासेमारीची मर्यादा ठरवताना त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचा विचार करावा, असे त्याचे तत्त्व आहे. दक्षिण जॉर्जियाच्या संरक्षित सागरी क्षेत्रात पिल्ले वाढण्याच्या उन्हाळी महिन्यांत क्रिलची मासेमारी बंद असते. टिपणात मुलांना हा भाग आवर्जून सांगावा.