स्पानुलिस म्हणे फुसका बार!

डावखुरा_गार्ड
काल इथं बास्केटबॉलपटू यानिसच्या चर्चेत एकानं ठोकून दिलं : "ग्रीसनं एकच खेळाडू दिला, यानिस. स्पानुलिस वगैरे फुसके बार, एनबीएत (अमेरिकेच्या लीगमध्ये) ३१ सामने खेळून घरी परत." वाचून डोकंच फिरलं.

३१ सामने, सरासरी २.७ गुण. मान्य. पण ह्यूस्टन या एनबीए संघाकडून त्याचा मोसम सुरू व्हायच्या दोन महिने आधी, सप्टेंबर २००६ मध्ये, जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात याच माणसानं लेब्रॉन, वेड, कार्मेलो अशा एनबीए स्टार्सच्या अमेरिकेला २२ गुण मारले होते. ग्रीस १०१, अमेरिका ९५. सायतामातल्या त्या सामन्यातला वाघ नोव्हेंबरात मांजर झाला का? पिक-अँड-रोलवर (सहकाऱ्याच्या आडोशानं बचाव फोडण्यावर) जगणारा गार्ड, चेंडू हातात हवा. ह्यूस्टनचा कोच व्हॅन गंडी त्याला बाकावरून उठवेना, उठवला तरी चेंडू संघाचा स्टार मॅकग्रेडीकडे. असं बसवून ठेवायचं आणि वर गुण मोजायचे! परत आल्यावर २००९, २०१२, २०१३ अशा तीन युरोलीग (युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा) जिंकल्या आणि तिन्ही वेळा फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). अजून काय करायचं त्यानं?

बक्स_ब्रिगेड
ते लिहिणारा मीच. बदलणार नाही. मिनिटं कुणी ताटात वाढत नाही, मिळवावी लागतात. यानिस ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून गेला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) १५व्या क्रमांकावर निवडला गेला, रडला नाही. २०२१ च्या एनबीए फायनलच्या शेवटच्या सामन्यात बक्सकडून ५० गुण. तुमच्या साहेबांना ह्यूस्टननं सान अँटोनिओ या दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तिथं तर ते उतरलेही नाहीत. करार शिल्लक असताना घरी. याला आमच्याकडे पळ काढणं म्हणतात.

नागपूर_झोन
मिनिटं मिळवावी लागतात म्हणे! आमच्या क्लबचे सर उंच पोरांनाच खेळवायचे. मी पाच फूट सात, पूर्ण मोसम पाण्याच्या बाटल्या भरल्या. बाकावर बसलेल्याला विचारा कधी, मग बोला.

बक्स_ब्रिगेड
तुमच्या बाटल्यांचा इथं काय संबंध?

खलाशीकाका
मे २०१२. आमचं जहाज पेरामाला दुरुस्तीला होतं, पिरेअसच्या शेजारीच. पगारकपातीचे दिवस, यार्डातली माणसं तोंड पाडून काम करायची. युरोलीगच्या फायनलला त्यांच्याबरोबर एका खानावळीत बसलो होतो; स्पानुलिस पिरेअसच्याच ऑलिंपियाकोसकडून खेळत होता. सीएसकेए मॉस्को १९ गुणांनी पुढे. एक वेल्डर शिव्या घालत बिल देऊन उठला, पण दारापर्यंतच गेला. शेवटी मॉस्कोच्या सिस्काउस्कासनं दोन्ही फ्री थ्रो घालवले. चेंडू स्पानुलिसकडे. आता हाच मारणार म्हणून सगळे त्याच्यावर धावले, आणि त्यानं दिला सहकारी प्रिंतेझिसला. एका हातानं वर टाकलेला चेंडू आत, घड्याळात ०.७ सेकंद. ६२-६१. वेल्डर दारातच, मोटरसायकलचं हेल्मेट डोक्यात अर्धवट अडकलेलं. एनबीएचे आकडे त्याला जाऊन सांगा, बक्सवाले.

तीनपानी_हिरवा
काका, गोष्ट झकास. पण तुमच्या खानावळीत सगळे ऑलिंपियाकोसवाले. मी अथेन्सला ओआकाच्या, म्हणजे पानाथिनाइकोसच्या स्टेडियमच्या, जवळ राहतो, आमच्याकडे या माणसाचं नाव निघालं की लोक थुंकतात. पानाथिनाइकोसनं घडवला, २००९ ची युरोलीग आमच्या जर्सीत जिंकला आणि २०१० ला सरळ कट्टर वैरी ऑलिंपियाकोसमध्ये! पुढच्याच वर्षी बार्सिलोनात आम्ही त्याच्याशिवाय युरोलीग जिंकलो, एमव्हीपी आमचा दियामांतिदिस. निष्ठा त्याला म्हणतात.

नागपूर_झोन
काहून भाऊ, जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आला, आमच्याबरोबर दोन रणजी जिंकला. त्याला कुणी गद्दार म्हटलं का?

तीनपानी_हिरवा
विदर्भ म्हणजे ऑलिंपियाकोस नव्हे. इथं एकाच घरातले दोन भाऊ डर्बीच्या (या दोन क्लबांच्या सामन्याच्या) दिवशी बोलत नाहीत. माझा घरमालक आजही टीव्हीवर स्पानुलिसची ७ नंबरची लाल जर्सी दिसली की चॅनल बदलतो.

डावखुरा_गार्ड
दियामांतिदिस तरी कुठं तुमच्या पोटचा? इराक्लिस क्लबाकडून आणलात. आणि स्पानुलिस तुमच्याकडे यायच्या आधी चार मोसम मारूसी क्लबात घासत होता, तुम्ही काय घडवलंत? राग एवढाच की जाऊन तो हरला नाही. २०१३ ची युरोलीग फायनल, लंडन : पहिल्या क्वार्टरनंतर रेआल माद्रिद २७-१० पुढे, शेवट १००-८८ ऑलिंपियाकोस.

तीनपानी_हिरवा
जिंकला म्हणून गद्दारी धुतली जाते? तुमच्यासारख्यांमुळेच क्लब म्हणजे धर्मशाळा झालेत.

डावखुरा_गार्ड
घरमालकाचा राग आमच्यावर काढू नका. शिवाय मूळ विषय एनबीए होता.

बक्स_ब्रिगेड
आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे. बरं, घ्या : स्पानुलिस युरोपचा देव. देऊळ बांधा, अभिषेक करा. फक्त गाभारा अटलांटिकच्या अलीकडेच ठेवा.

खलाशीकाका
चालेल. तुमचा यानिस येतोच की तिथं दर्शनाला. २०२५ च्या युरोबास्केटला (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) ग्रीसनं कांस्य जिंकलं तेव्हा कोच कोण होता? स्पानुलिसच!

तीनपानी_हिरवा
त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या. संघासाठी. त्याच्यासाठी नाही.

नागपूर_झोन
आणि घरमालकानं? चॅनल बदललं की पाहू दिलं?